चूळ थुंकल्यावर तोंडात काय उरतं

माउथवॉशची खरी परीक्षा तो थुंकून टाकल्यावर सुरू होते. अर्धा-एक मिनिट खळखळवलेलं औषध बेसिनमध्ये जातं आणि पुढची चूळ भरेपर्यंतचे दहा-बारा तास दातांवरच्या जंतूंना मोकळे मिळतात. त्या वेळात औषधाचा किती अंश तोंडात शिल्लक आहे, यावर प्लाक किती रोखला जाणार हे ठरतं. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे. लोकांच्या दातांवरचा प्लाक बघणं, मोजणं आणि खरवडून काढणं हे माझं रोजचं काम. "मॅडम, सगळ्यात चांगला माउथवॉश कोणता?" हा प्रश्नही जवळपास रोजचाच. त्याला उत्तर आहे, पण त्या उत्तराला एक अट आहे. पेशंट तोंड उघडून खुर्चीत बसलेला असताना ती अट नीट समजावता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

प्लाक म्हणजे दातांत अडकलेलं अन्न, असा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात तो जिवंत थर असतो. दात अगदी लख्ख घासला तरी काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं त्यावर एक न दिसणारा पापुद्रा धरतात. त्या पापुद्र्याला आधी स्ट्रेप्टोकॉकस कुळातले जंतू चिकटतात. सँग्विनिस, ओरॅलिस, मायटिस ही त्यांतली नेहमीची मंडळी. मग फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा लांबट जंतू येतो. त्याला आधी आलेल्यांनाही धरता येतं आणि नंतर येणाऱ्यांनाही. त्याच्या आधारानं पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, हिरड्यांची खरी नासधूस करणारे जंतू वस्तीला येतात. हे सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. त्या आवरणात राहणारा जंतू आणि लाळेत सुटा तरंगणारा जंतू एकाच जातीचे असले, तरी औषधापुढे त्यांची स्थिती अगदी वेगळी असते. सुट्याला मारायला पुरणारी मात्रा थरातल्याला बऱ्याचदा पुरत नाही.

ही गोष्ट सगळ्यात आधी ज्याच्या लक्षात आली त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेवेनहुक यानं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. स्वतःच्या दातांमधला पांढरा लगदा काढून त्यानं स्वतः घडवलेल्या भिंगाखाली ठेवला होता आणि त्यात त्याला वळवळणारे जीव दिसले होते. तो तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं तीव्र व्हिनेगर तोंडात घेऊन दातांमधून फिरवलं, नंतर पाण्यानं चूळ भरली आणि पुन्हा लगदा काढून पाहिला. जीव अजूनही असंख्य होते. मग त्यानं तो लगदा पाण्यात कालवून त्यात थोडंसं व्हिनेगर मिसळलं, तेव्हा मात्र ते ताबडतोब मेले. यावरून त्यानं निष्कर्ष काढला की तोंडात घेतलेलं व्हिनेगर थराच्या बाहेरच्या जीवांनाच मारतं, आत झिरपत नाही.

आज बाटलीवर '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असं छापलेलं दिसतं, तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो. असा आकडा बहुधा पाण्यात कालवलेल्या जंतूंवरचा, म्हणजे प्रयोगशाळेतला असतो. दातावर घट्ट बसलेल्या थराबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय तोंडात लाळ सतत वाहत असते, ती औषध धुऊन नेते. म्हणून परीक्षानळीत तोडीस तोड ठरलेली दोन औषधं तोंडात गेल्यावर एकमेकांपासून खूप लांब पडू शकतात.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे क्लोरहेक्झिडिन आणि सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, म्हणजे लेबलवरचं सीपीसी. दोन्ही धनभारित, दोन्ही जंतूंच्या आवरणाला भोक पाडणारी. नळीत दोन्ही जोरदार काम करतात. फरक पडतो तो चिकटण्यात. क्लोरहेक्झिडिनच्या रेणूला दोन टोकांना दोन धनभार असतात. एका टोकानं तो दातावरच्या पापुद्र्याला किंवा गालाच्या आतल्या त्वचेला धरतो आणि दुसरं टोक जंतूंसाठी मोकळं राहतं. चूळ थुंकल्यावरही घेतलेल्या औषधापैकी साधारण ३० टक्के तोंडात मागे राहतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. त्याचा परिणाम बारा तासांपर्यंत जाणवतो. सीपीसीही चिकटतं, पण लवकर सुटतं. तीन ते पाच तासांत त्याचा जोर ओसरतो. दिवसातून दोनदा चूळ भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत मधला बराच वेळ प्लाकला मोकळीक मिळते, ती इथेच.

क्लोरहेक्झिडिन मुळात दातांसाठी बनलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं आणि १९५०च्या दशकात त्वचेसाठीचं जंतुनाशक म्हणून वापरात आलं. दंतवैद्यकात त्याला जागा मिळवून दिली ती हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. लो यांचं १९६५ सालचं काम आमच्या शाखेत प्रत्येकाला तोंडपाठ असतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या दंतमहाविद्यालयात १२ निरोगी माणसांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या सुमारे आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. प्लाक हेच हिरड्यांच्या सुजेचं कारण आहे, हे त्यातून निर्विवाद ठरलं. मग १९७० साली लो आणि श्यॉट यांनी तसाच प्रयोग केला, पण या वेळी न घासणाऱ्यांना दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनच्या १० मिली चुळा दिल्या. ब्रश नाही, तरी प्लाक धरला नाही आणि हिरड्याही सुजल्या नाहीत. इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो.

पण या प्रयोगांची सुरुवात कशी होते, हे कुणी सांगत नाही. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना अशाच एका चाचणीत स्वयंसेवक होते. चार दिवस ब्रश बंद, फक्त दिलेल्या बाटलीतल्या चुळा. बाटलीवर कागद गुंडाळलेला, वर नुसता सांकेतिक क्रमांक. त्याआधी मात्र आमच्या प्रत्येक दाताचं स्केलिंग आणि पॉलिशिंग झालं. प्लाकवरच चढणाऱ्या रंगानं दात रंगवून, कुठे ठिपकाभरही रंग उरला नाही याची खात्री करून, शून्य प्लाकवर आम्हाला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशीच मीठ कमी लागायला लागलं, तेव्हा माझ्या बाटलीत क्लोरहेक्झिडिन आहे हे माझ्या जिभेनंच मला सांगितलं. या औषधानं खारट आणि कडू चव काही काळ मंदावते. चार दिवसांनी एरिथ्रोसिनच्या लाल रंगानं दात रंगवले. समोरचे जवळजवळ स्वच्छ होते. दाढांच्या मधल्या फटींत, खालच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला मात्र लाल रेघा उमटल्या होत्या. काही दिवसांच्या खंडानंतर पुन्हा सगळे दात शून्यावर आणले आणि दुसरी बाटली मिळाली. या वेळी चव शाबूत राहिली, पण दुसऱ्या संध्याकाळीच जीभ दातांवरून फिरवताना लोकरीवरून फिरवल्यासारखं वाटायला लागलं. त्या फेरीचे गुण अर्थातच जास्त आले. प्लाक मोजण्याच्या तुरेस्की यांच्या सुधारित पद्धतीत ० ते ५ असे गुण देतात. हिरडीलगत तुटक ठिपके असतील तर १, दाताचा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग माखला असेल तर ५.

उत्तराची अट इथे आहे. माउथवॉशच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान अशा चाचण्यांतून आलेलं आहे, आणि त्या 'स्वच्छ दातावर नवा प्लाक किती उगवतो' हे मोजतात. बसलेला प्लाक किती निघतो हे त्यांत मोजलेलं नसतं. घरी बाटली उघडणाऱ्या माणसाचे दात शून्यावर नसतात. महिनोन्महिन्यांचा थर असतो, काही ठिकाणी त्याचं कीटण झालेलं असतं. लाळेतल्या कॅल्शियमनं प्लाक घट्ट व्हायला काही दिवस पुरतात, आणि एकदा कीटण झालं की कुठल्याही चुळेनं ते विरघळत नाही. चूळ हिरडीच्या खाली फारशी उतरतही नाही. पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, झालेल्या माणसाच्या दात आणि हिरडीमधल्या पाच-सहा मिलिमीटर खोल कप्प्यात जे चाललेलं असतं, तिथवर ती पोहोचतच नाही. वास जातो, तोंड ताजं वाटतं आणि कप्पा तसाच राहतो. मला या ताज्या वाटण्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण त्यामुळे लोक डॉक्टरकडे यायचं लांबवतात. हिरडीतून रक्त येणं हा शरीरानं दिलेला इशारा असतो. पुदिन्याच्या वासानं तो झाकून चालत नाही.

तेव्हा, स्वच्छ दातावर प्लाक रोखण्याच्या बाबतीत पहिला क्रमांक क्लोरहेक्झिडिनचा, याबद्दल वाद नाही. ०.२ टक्क्याचे १० मिली घ्या किंवा ०.१२ टक्क्याचे १५ मिली. पहिल्यात २० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात १८. त्यामुळे मात्रा नीट मोजून घेतली तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही. लोक ०.१२ टक्केवाला आणतात आणि झाकणात अंदाजानं घोटभर घेतात, तिथे फरक पडतो. पाणी घालून पातळ केला तर आणखी.

दुसऱ्या क्रमांकावर मी सुगंधी तेलांच्या माउथवॉशना ठेवते. लिस्टरिन हे त्यांतलं सगळ्यात जुनं नाव. १८७९ साली अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स यांनी ते बनवलं आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरणारे जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट ही त्याच्या मूळ सूत्रातली चौकडी. तोंडात घेतल्यावर जळजळ होते आणि लोकांना वाटतं ही अल्कोहोलची ताकद. मूळ सूत्रात अल्कोहोल २० टक्क्यांहून जास्त असतं, पण ते मुख्यतः तेलं विरघळवण्यासाठी. नुसत्या अल्कोहोल-पाण्याच्या द्रावणाशी तुलना केली की प्लाकवरचं काम तेलांचंच आहे हे दिसतं. ज्यांचं तोंड कोरडं पडतं, ज्यांच्या तोंडात फोड आहेत किंवा ज्यांनी दारू सोडलेली आहे, त्यांनी बिनअल्कोहोलचाच घ्यावा. दीर्घ वापराच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर प्लाकच्या बाबतीत क्लोरहेक्झिडिन पुढे राहतं, पण हिरड्यांच्या सुजेच्या बाबतीत दोन्ही जवळपास बरोबरीला येतात. आणि दातांवर डाग पडणं, कीटण वाढणं हे प्रकार तेलांच्या माउथवॉशमध्ये बरेच कमी. म्हणून महिनोन्महिने वापरायचाच असेल तर मी हाच सुचवते.

याच माउथवॉशबद्दल २००५ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एक निकाल लागला. फ्लॉस म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा. 'फ्लॉसइतकाच परिणामकारक' अशी त्या माउथवॉशची जाहिरात चालू होती. न्यायाधीशांनी ती दिशाभूल करणारी ठरवली. जाहिरातीमागे खरोखरच्या चाचण्या होत्या, पण फ्लॉस गटातल्या लोकांनी फ्लॉस नीट आणि नियमित वापरलाच नसावा, त्यामुळे 'अर्धवट वापरलेल्या फ्लॉसइतका' एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. तो निकाल मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. तुलना करताना समोरच्या पारड्यात काय ठेवलंय, हे आधी बघायला हवं.

सीपीसीबद्दल वर आलंच. सौम्य, चवीला बरा, ब्रशला जोड म्हणून थोडाफार उपयोगाचा. डेल्मोपिनॉल वेगळ्या वाटेनं जातं. जंतू मारण्यापेक्षा त्यांची पकड ढिली करण्यावर त्याचा भर असतो. कल्पना मला आवडते, परिणाम मध्यम. पोव्हिडोन आयोडीन लगेच जंतू मारतं, पण तोंडात टिकत नाही, त्यामुळे प्लाक रोखायला कमी पडतं. आणि ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश हा दात किडू नयेत म्हणून असतो. त्याच्याकडून प्लाकची अपेक्षा करणं हे त्याचं कामच चुकीचं समजणं आहे.

क्लोरहेक्झिडिन एवढं चांगलं, तर ते रोज का नको? हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा माणूस विचार करत असतो. २०१७ साली वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेनं ५१ अभ्यास आणि ५,३४५ माणसांची माहिती एकत्र तपासली. ब्रशला जोड म्हणून चार ते सहा आठवडे क्लोरहेक्झिडिन वापरलं की प्लाक मोठ्या प्रमाणात कमी होतो, हे त्यात भक्कमपणे दिसलं. हिरड्यांची सौम्य सूज मात्र ० ते ३ च्या मापावर फक्त ०.२१ नं उतरली. एवढा फरक माणसाला आरशात दिसणारही नाही. दुसरीकडे चार आठवड्यांच्या पुढे वापर गेला की दातांवर तपकिरी डाग चढतात. गडद पेयांतल्या टॅनिनसारख्या पदार्थांना क्लोरहेक्झिडिन दातावर धरून ठेवतं. म्हणजे ज्या चिकटपणामुळे ते काम करतं, त्याच चिकटपणामुळे डाग पडतात. डाग न पडणारं, पण तेवढंच टिकणारं क्लोरहेक्झिडिन मागणं म्हणूनच कठीण आहे. हे डाग पॉलिशिंगनं जातात, पण दातांच्या रंगाच्या फिलिंगच्या कडांवरचे चिवट असतात. कीटणही वाढतं. शिवाय जिभेवरचे काही जंतू आपल्या उपयोगाचे असतात. अन्नातल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. २०१३ सालच्या एका अभ्यासात १९ निरोगी स्वयंसेवकांनी आठवडाभर क्लोरहेक्झिडिनच्या चुळा भरल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ मिमीनं वाढलेला आढळला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून घाबरायचं कारण नाही. पण कारण नसताना हे औषध घेत राहू नये, एवढं मला त्यातून पटतं.

वेळेबद्दलही थोडं सांगते. बहुतेक जण ब्रश झाला की लगेच माउथवॉश घेतात. पेस्टमध्ये साधारण १००० ते १४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं आणि फ्लोराइडच्या माउथवॉशमध्ये जेमतेम २२५. म्हणजे लगेच चूळ भरून आपण जास्त देऊन कमी घेतो. क्लोरहेक्झिडिनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट ऋणभारित असतं, ते या धनभारित रेणूला बांधून टाकू शकतं. म्हणून मी दोघांत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला सांगते. चूळ भरल्यावर लगेच पाण्यानं तोंड धुऊ नका. मागे राहिलेला जो अंश कामाचा असतो, तोच त्यानं जातो. सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नका, ती तो गिळतात.

हे सगळं वाचून मी माउथवॉशच्या विरोधात आहे असं वाटू शकेल. तसं अजिबात नाही. हिरडीवर शस्त्रक्रिया केल्यावर टाक्यांच्या जागी ब्रश लावता येत नाही, तेव्हा क्लोरहेक्झिडिनशिवाय माझं पान हलत नाही. जबड्याचं हाड मोडून वरचे-खालचे दात तारेनं बांधलेले असतात, तेव्हाही तेच. आणि ज्यांचे हातच साथ देत नाहीत त्यांना तर ते द्यायलाच हवं.

संधिवातानं बोटं वाकलेल्या एक आजी माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा हिरड्यांतून नुसत्या स्पर्शानं रक्त येत होतं, आणि "डॉक्टर, चांगल्यातला माउथवॉश आणलाय, तरी थांबत नाही" असं म्हणून त्यांनी पिशवीतून बाटली काढून दाखवली. बाटली खरंच चांगली होती. तिच्याखाली काम करण्यासारखा दात मात्र एकही मोकळा नव्हता, सगळीकडे कीटण. आधी दोन-तीन भेटींत स्केलिंग पूर्ण केलं. ब्रशच्या दांड्याला जाड रबरी मूठ बसवली, म्हणजे बोटं न मिटता तळहातात धरता येईल. दाढांच्या फटींतला छोटा ब्रश त्यांची सून रात्री फिरवते. क्लोरहेक्झिडिन आम्ही थोडे दिवस देतो, थांबवतो, डाग दिसले की पॉलिश करतो, आणि मधल्या काळात तेलांचा बिनअल्कोहोलचा माउथवॉश. दर तीन महिन्यांनी दात रंगवून लाल जागा कागदावरच्या तक्त्यात भरतो. आजी तो कागद मागून घेतात आणि सुनेला देतात. खालच्या डाव्या दाढांची आतली बाजू अजून लाल येते, तिथे ब्रश कसा वळवायचा हे मागच्या भेटीत सुनेला आरशात दाखवलंय.